हरवला नाही, मोडला नाही, बिघडला!

घरातल्या वस्तू पूर्वी बिघडत, तेव्हा त्या तसे सांगत असत. शिवणयंत्र कुरकुरू लागे, स्टोव्ह भडके, भिंतीवरचे घड्याळ मागे पडे, आणि छत्रीची काडी तर भर पावसात कापडाबाहेर येऊन साऱ्या रस्त्याला जाहीर करी की, आपला काही आता भरवसा नाही. बिघाड डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई, म्हणून त्यावर फारसा वाद होत नसे. दुरुस्तीचे पैसे किती, एवढीच काय ती घासाघीस.

आता घरोघर अशा काही वस्तू आल्या आहेत की, त्या कामातून गेल्या तरी चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. आमच्या कन्येचा बसचा पास हा त्यांतलाच एक. तो गेला तेव्हा नव्यासारखा चकचकीत होता, आणि म्हणूनच त्याच्यापायी मला पंधरा दिवस खेटे घालावे लागले.

हे कोणत्या शहरात घडले ते मी सांगत नाही. बससेवेचेही नाव घेत नाही. ज्यांनी अशा खिडक्यांसमोर रांगा धरल्या आहेत, त्यांना ते आपलेच शहर वाटेल आणि मला तेवढे पुरे आहे.

आमच्या सासूबाईंचे बालपण गिरगावातले. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, ती आठवण त्या अजून काढतात. त्यांच्या थोरल्या भावाचा पास म्हणे चांगला जाड पुठ्ठ्याचा होता. त्यावर फोटो, आणि अर्धा फोटोवर व अर्धा पुठ्ठ्यावर असा रबरी शिक्का. कंडक्टरने एकदा पासाकडे आणि एकदा तोंडाकडे पाहिले की तपासणी संपली. पास भिजला तर उन्हात वाळवायचा, फाटला तर मागून कागद डकवायचा. "आमचा पास वाचायला डोळे लागत, यंत्र लागत नसे," असे त्या म्हणतात.

चिंगीचा पास तसा नाही. त्याला पास म्हणायचे एवढेच; खरे तर ते बँकेच्या कार्डासारखे एक कार्ड आहे. वर तिचा फोटो आणि नाव छापलेले, पण मुदत कुठेच लिहिलेली नाही. ती कार्डाच्या पोटात. कंडक्टर आपले यंत्र कार्डाजवळ नेतो, यंत्र 'टिंग' म्हणते, आणि पोरगी आत सरकते. कार्डाचे शंभर आणि तीन महिन्यांचे सहाशे, असे सातशे रुपये आम्ही १६ जूनला भरले. शाळा साडेतीन किलोमीटरवर. वाटेत मोठ्यांनाही धडकी भरवणारा एक चौक. चिंगी अकरा वर्षांची, सहावीत. एकटीने बसने जाण्याचे तिचे हे पहिलेच वर्ष, त्यामुळे त्या कार्डाचा रुबाब घरात फार होता. रोज संध्याकाळी ते तिच्या कंपासपेटीवर विराजमान होई.

८ जुलैला यंत्राने 'टिंग' म्हटले नाही.

"पास संपलाय," कंडक्टर म्हणाला.

"नाही काका, सप्टेंबरपर्यंत आहे."

"मग वाकवला असशील. खेळायला दिलाय का हा तुला?"

गाडी खचाखच भरलेली. सगळ्यांनी वळून पाहिले. चिंगीजवळ पैसे नव्हते. एका बाईंनी तिचे तिकीट काढले, म्हणून ती शाळेत पोचली. हे सारे मला तिच्याकडून नव्हे, तर त्याच गाडीतल्या तिच्या मैत्रिणीकडून रात्री कळले. चिंगीने घरी येऊन फक्त कार्ड टेबलावर ठेवले, मुकाट्याने पोळी-भाजी खाल्ली आणि म्हणाली, "मी उद्यापासून चालत जाणार आहे."

दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर पासाच्या खिडकीशी गेले. मी स्वतः एका शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे साडेपाचपर्यंत उघड्या असणाऱ्या खिडकीशी पाच वाजून दहा मिनिटांनी पोचणे ही माझी कायमची सवय आहे. आतल्या गृहस्थांनी कार्ड आपल्या यंत्रावर ठेवले, उलटे केले, पुन्हा ठेवले.

"डॅमेज आहे," ते म्हणाले. "नवीन काढावा लागेल. सातशे."

"अहो, पण सातशे आत्ताच तीन आठवड्यांपूर्वी भरलेत. ही पावती."

"ते त्या कार्डाचे. हे कार्ड तर वाचतच नाही. त्यातला पास नव्या कार्डात जात नाही."

"पण कार्ड बिघडलं, त्यात मुलीचा काय दोष?"

"मॅडम, हरवला किंवा मोडला की नवीन काढायचा, असा नियम आहे."

"हा हरवला नाही. हा समोर आहे. आणि मोडलाही नाही, पाहा."

त्यांनी पाहिले. कार्ड खरोखरच सरळ, स्वच्छ होते. ते क्षणभर गप्प झाले आणि मग नेहमीचे वाक्य बोलले: "डेपोत विचारा."

घरी आमच्याकडे यावर बैठक बसली. ह्यांचे म्हणणे अगदी व्यवहाराचे होते. "सातशे रुपयांसाठी किती फेऱ्या घालणार? तुझी एक रजा गेली की सातशेच्या वर हिशेब जातो. भरून टाक आणि मोकळी हो." हे त्यांचे काही चूक नव्हते. शहरात राहणारा मध्यमवर्गीय माणूस आयुष्यातला निम्मा अन्याय असा 'मोकळा होण्यासाठी' पैसे भरूनच मिटवतो. कार्ड हरवले असते, तर मीही त्याच संध्याकाळी मुकाट्याने पैसे मोजले असते.

पण चिंगी जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "बाबा, पैसे भरले तर मीच मोडला असं होईल ना?"

ह्यांनी घास तोंडात नेला आणि तो बराच वेळ चावत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला सुळी! भरू नका काही." बैठक तिथेच संपली. त्या रात्रीपासून हा सातशे रुपयांचा प्रश्न राहिला नाही.

रविवारी माझा धाकटा भाऊ आला. तो इलेक्ट्रॉनिक्सवाला. त्याने कार्ड हातात घेऊन आम्हां सगळ्यांची एक छोटी शिकवणीच घेतली. ती मला इथे सांगायची आहे, कारण जी वस्तू कशी चालते हे आपल्याला ठाऊक नसते, तिच्याबद्दल खिडकीतला माणूस म्हणेल ते खरे मानावे लागते.

ही कार्डे जगभर एकाच मापाची असतात. लांबी ८५.६० मिलिमीटर, रुंदी ५३.९८ मिलिमीटर, जाडी सुमारे पाऊण मिलिमीटर. पोटात तिळाएवढी चकती, म्हणजे चिप, आणि तिच्याभोवती कडेकडेने बारीक तारेची वेटोळी. गंमत अशी की, आत बॅटरी नाही. कंडक्टरच्या यंत्राभोवती चुंबकीय क्षेत्र असते. ते सेकंदाला एक कोटी छत्तीस लाखांच्या आसपास वेळा बदलत असते. त्यात ही वेटोळी आली की तारेत वीज उत्पन्न होते, चिप जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा झोपी जाते. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तारेत वीज निर्माण होते हा शोध मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये लावला. त्यांच्या शोधावर आज हाँगकाँगची माणसे १९९७ पासून, दिल्लीची मेट्रो २००२ पासून आणि लंडनची बस २००३ पासून प्रवास करीत आहे. आपल्याकडे सगळ्या शहरांत एकच कार्ड चालावे अशी राष्ट्रीय योजनाही मार्च २०१९ मध्ये सुरू झाली.

"आता ह्यात सगळ्यात नाजूक काय, तर तार आणि चिप यांचा सांधा," भाऊ म्हणाला. "तो कच्चा राहिला असेल तर वरून काही न दिसता सुटतो. कार्ड जोरात वाकवलं तरीही सुटतो, हेही खरं. पण असं प्लास्टिक वाकवलं की बहुधा त्यावर पांढुरकी रेघ उठते. इथे आहे का रेघ?"

रेघ नव्हती. भिंगातून पाहिले तरी नव्हती. मग त्याने आपला मोबाइल काढला. आजकालच्या पुष्कळ मोबाइलांना ही कार्डे ओळखता येतात. शेजारच्या मुलाचा पास त्याने मोबाइलच्या पाठीला लावला, तशी पडद्यावर एक खूण उमटली. चिंगीचा लावला, काही नाही. पुन्हा शेजारचा, खूण. पुन्हा चिंगीचा, सामसूम.

"म्हणजे तो बोलतच नाही," चिंगी म्हणाली.

"बोलत नाही. पण तुझे पैसे काही त्याच्या एकट्याच्या पोटात नाहीत. कार्डाचा नंबर आणि भरलेले पैसे त्यांच्या कॉम्प्युटरातही असणारच. नाहीतर त्यांचाच हिशेब लागायचा नाही."

हे मला फार मोलाचे वाटले. कार्ड म्हणजे पैसे नव्हेत; ते पैसे भरल्याचा साक्षीदार आहे. साक्षीदार मुका झाला म्हणून व्यवहार झालाच नाही, असे होत नाही. सावकाराच्या वहीत जमा असताना कुळाकडची पावती उंदराने खाल्ली, तर सावकाराने पुन्हा वसुली करायची काय?

आमच्या जिन्यावर एक काका राहतात. ते कित्येक वर्षे ग्राहक चळवळीत होते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली, त्या काळच्या वातावरणात वाढलेले गृहस्थ. त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी आधी चहा दिला आणि मग विचारले, "लेखी काय दिलंस?"

"लेखी काही नाही. बोलले."

"खिडकीशी बोललेलं हवेत जातं. अर्ज लिही. दोन प्रती. एक त्यांना, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन आपल्याकडे. पावतीची झेरॉक्स जोड, मूळ पावती कधी सोडू नकोस. जुनं कार्ड ठेवून घेतलं तर त्याचीही पोच माग. आणि नाही म्हणाले, तर 'नाही' हेच कागदावर लिहून द्या म्हणायचं. भांडायचं नाही. आवाज चढवायचा नाही."

मग त्यांनी कायदा सांगितला. ग्राहक संरक्षण कायदा आपल्याकडे पहिल्यांदा १९८६ साली झाला. २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याची जागा घेणारा नवा कायदा २०१९ चा, तो जुलै २०२० पासून अमलात आला. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत उणीव राहिली तर तक्रार करता येते. पैसे आईबापांनी भरले आणि सेवा मुलाने घेतली तरी ते मूल ग्राहकच ठरते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, आणि वकीलही लागलाच पाहिजे असे नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करता येतो. आणि बससेवा सरकारी किंवा पालिकेची असेल, तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली दहा रुपयांत अर्ज करून विचारता येते की, अशी किती कार्डे बंद पडली आणि त्यांचे किती पैसे घेतले. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

"हे सगळं त्यांना सांगू का?" मी विचारले.

"मुळीच नको. तुला ठाऊक आहे एवढं पुरे. ज्याला आपली बाजू ठाऊक असते त्याचा आवाज आपोआप शांत राहतो."

मी अर्ज लिहिला. एका पानात, तारखांसह. डेपोत गेले. डेपोने आवक शिक्का देण्याचे नाकारले नाही, पण देणारा जेवायला गेला होता. तो आला तेव्हा शिक्का मिळाला आणि सल्लाही मिळाला: "हे मुख्य कार्यालयात होईल." मुख्य कार्यालयात गेले, तर विद्यार्थ्यांच्या पासाचे काम दीडपर्यंतच. तोवर चिंगी रोज दोन्ही वेळचे तिकीट काढीत होती आणि ती तिकिटे मी एका बिस्किटांच्या डब्यात साठवीत होते. ती पांढरी पातळ तिकिटे चार दिवसांत पुसट होतात, म्हणून त्यांचे फोटो काढून ठेवले.

शेवटी एक किरकोळ रजा टाकली. चिंगीच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून तिलाही बरोबर घेतले. दुसऱ्या मजल्यावर एका लांबट खोलीत एक तरुण अधिकारी बसले होते. टेबलावर फायली, कडेला कार्ड वाचायचे यंत्र. समोर भिंतीवर नियमांचा छापील कागद. आमच्यापुढे तिघेजण होते, तेवढ्या वेळात चिंगीने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचून काढला.

साहेबांनी अर्ज वाचला. कार्ड यंत्रावर ठेवले. यंत्र गप्प. मग त्यांनी कार्डाच्या मागचा नंबर कॉम्प्युटरात घातला, आणि पडदा आमच्याकडे किंचित वळवला. चिंगीचे नाव, शाळा, १६ जून, सहाशे रुपये जमा, मुदत १५ सप्टेंबर. सारे काही जिथल्या तिथे.

"पैसे दिसताहेत," साहेब म्हणाले, "पण कार्ड दिसत नाही."

"मग पैशांवर विश्वास ठेवा," मी म्हटले.

ते हसले. "तसं नाही मॅडम. नियमात बसवावं लागतं." आणि त्यांनी भिंतीकडे बोट केले. तिथे लिहिले होते: 'विद्यार्थ्याने पास हरविल्यास किंवा खराब केल्यास नवीन पासाची संपूर्ण रक्कम भरावी लागेल.'

माझ्या आधी चिंगी बोलली. "खराब केल्यास म्हणजे मी केला असेल तर ना? मी नाही केला."

मी वर्गात कितीतरी वर्षे 'करणे' आणि 'होणे' यांतला फरक शिकवीत आले आहे. 'मी कप फोडला' आणि 'कप फुटला' या दोन वाक्यांत काय वेगळे, असे विचारले की मुले फळ्याकडे पाहतात. पण त्या दिवशी त्या फरकाची किंमत बरोबर सातशे रुपये होती. हरवणे आणि मोडणे ही माणसाची कामे आहेत. बिघडणे हे वस्तूचे काम आहे. नियम लिहिणाऱ्याने माणसाच्या दोन्ही कामांचा विचार केला होता, वस्तूच्या एकाही कामाचा केला नव्हता. आणि जे नियमात नाही ते सगळे खिडकीशी आपोआप मुलाच्या माथी येत होते.

"साहेब, ही म्हणते तेच मी अर्जात लिहिलंय," मी म्हटले. "तिने मोडला असेल तर तसं ठरवा, आणि कशावरून ठरवलं ते लिहून द्या. मी आत्ता पैसे भरते. पण कार्डावर एकही खूण नसताना तिने मोडला म्हणू नका."

साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत रबरबँड लावलेला कार्डांचा एक गठ्ठा होता, दोन बोटे उंच. "ही सगळी जूननंतरची," ते हळू आवाजात म्हणाले. "ह्या खेपेत काहीतरी गोची आहे. आम्ही वर कळवलंय."

"मग खिडकीवरच्या माणसांना का नाही कळवलं?"

त्याचे उत्तर त्यांनी दिले, आणि ते ऐकून माझा खिडकीतल्या त्या गृहस्थांवरचा राग बराच ओसरला. खिडकीवरच्या प्रत्येकाला सकाळी मोजून कोरी कार्डे देतात. संध्याकाळी जितकी कमी तितक्यांचे पैसे गल्ल्यात दिसले पाहिजेत. एक कार्ड फुकट दिले की त्याच्या नावावर तूट. कार्ड बदलण्याचे कारण लिहायची जागा कॉम्प्युटरात आहे, त्यात 'हरवले' आहे, 'खराब' आहे, आणि 'सदोष, विनाशुल्क' असेही आहे. पण हे तिसरे कारण अधिकाऱ्याच्या पासवर्डशिवाय उघडत नाही. खिडकीतल्या माणसाच्या पडद्यावर ते राखाडी अक्षरांत दिसते, त्यावर बोट टेकवले तरी काही होत नाही. तेव्हा तो बापडा 'डॅमेज' म्हणतो आणि सुटतो. नियम त्याने केलेला नसतो, आणि नियमाबाहेर जायची किल्ली त्याच्याकडे नसते.

साहेबांनी पासवर्ड घातला. पाच मिनिटांत नवे कार्ड छापून आले. त्याबरोबर पावती: रक्कम शून्य रुपये. दरम्यानच्या तिकिटांचे पैसे मात्र मिळाले नाहीत. त्याची तरतूद नाही, असे ते म्हणाले. तेवढे माझ्या अर्जावर लिहून द्या म्हटले. त्यांनी लिहून दिले आणि खाली सही केली. काकांची शिकवण वाया गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत तोच कंडक्टर. यंत्र 'टिंग' म्हणाले.

"काय, झाला का नीट?" त्याने विचारले.

"तो बिघडला होता, काका. मी नव्हता मोडला."

"हो गं बाळ," तो म्हणाला, "बऱ्याच पोरांचे बिघडलेत ह्या वेळी."

हे मात्र चिंगीने घरी आल्या आल्या, दप्तर खाली ठेवण्याआधी, स्वतःच्या तोंडाने सांगितले. चालत जाण्याची भाषा पुन्हा निघाली नाही.

खरे तर माझे काम इथे संपले होते. पण मुख्य कार्यालयाच्या जिन्यात मला एक बाई भेटल्या होत्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. मुलगा आठवीत. त्याचाही पास असाच मुका झालेला. त्यांनी मला विचारले, "ताई, तुम्हाला किती पडले?" मी शून्याची पावती दाखवली. त्या पावतीकडे नुसत्या पाहत राहिल्या. त्यांनी आठवड्यापूर्वी खिडकीवर सातशे भरले होते. त्या दिवशी त्या वेगळ्या कामाने, मुलाचे छापताना चुकलेले नाव दुरुस्त करून घ्यायला आल्या होत्या.

"भांडायला दोन दिवस लागले असते," त्या म्हणाल्या. "दोन दिवस खाडा केला तर घरवाल्या दुसरी बाई बघतात. मग भरले."

ह्यांचा हिशेब आणि या बाईंचा हिशेब एकच होता: वेळेची किंमत. फरक इतकाच की, ह्यांना सातशे भरून मोकळे होता आले असते, आणि या बाई सातशे भरून मोकळ्या झाल्या नव्हत्या. त्या महिनाभर अडकल्या होत्या. मला शाळेची किरकोळ रजा मिळाली, जिन्यावर सल्ला देणारे काका मिळाले, मोबाइलवाला भाऊ मिळाला, अर्ज लिहिता आला. एवढी सगळी सामग्री जमवल्यावर जे मिळते त्याला हक्क म्हणायचे, की नशीब? हक्क असेल तर तो खिडकीच्या काचेवर लिहिलेला असावा. दुसऱ्या मजल्यावरच्या खणात नसावा.

म्हणून मी दुसरा अर्ज केला. त्यात माझे काहीच मागणे नव्हते. एवढेच लिहिले की, आपोआप बंद पडलेला पास विनामूल्य बदलून मिळतो ही सूचना प्रत्येक खिडकीवर लावावी, आणि भिंतीवरच्या नियमात तसे वाक्य घालावे. खाली आमच्या वर्गाच्या पालकसभेतल्या तेवीस जणांच्या सह्या. ऑगस्टच्या शेवटी आमच्या खिडकीच्या काचेला एक कागद चिकटलेला दिसला. टंकलेखनात दोन चुका होत्या. मराठीच्या मास्तरीण असूनही मी त्या दुरुस्त करायला गेले नाही. 'सदोष आढळल्यास पास विनाशुल्क बदलून दिला जाईल', एवढे वाचता येत होते. त्याखाली तो कोणत्या टेबलाशी नेऊन द्यायचा हेही होते.

माझ्या वाचक भगिनींना आणि त्यांच्या 'ह्यांना' माझे एवढेच सांगणे आहे: पावती फेकू नका. नळाची असो, विजेची असो, पोराच्या पासाची असो, एक डबा करा आणि त्यात टाकत जा. मूल काही झाले म्हणून सांगू लागले तर आधी त्याचे ऐका, मग खिडकीचे. आणि पैसे भरून मोकळे होण्याआधी एकदा विचारा की, आपण भरतो आहोत ते कशाचे? वस्तूचे, की आपल्या माणसावर ठेवलेल्या आळाचे?

त्या बाईंचा अर्जही मी लिहून दिला आहे. त्यांनी आपली सातशेची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा देव्हाऱ्याखाली असा ठेवला होता. आमच्या कुणाच्याही घरी एवढ्या निगुतीने पावती सांभाळली जात नसेल. भरलेले पैसे परत करायला वरची मंजुरी लागते, असे साहेब म्हणाले आणि एक महिन्याची मुदत त्यांनी सांगितली. आवक क्रमांक मिळालेला आहे. महिना दिवाळीनंतरच्या सोमवारी पुरा होतो. त्या दिवशी बाईंना खाडा करावा लागू नये म्हणून शिक्का मारलेली प्रत घेऊन मीच जाणार आहे. चिंगीलाही यायचे आहे. पण त्या दिवशी तिची शाळा आहे, आणि तिचा पास आता चालतो आहे.